बादलीवरचं बोट

"या घरात तुम्ही गेलाच नव्हता, असं ती बाई म्हणतेय." साहेबांनी फॉर्म उलटा फिरवून पाहणीबाईंसमोर सरकवला. "आपल्या ऑफिसातल्या मुलीने तपासणीचा फोन केला होता. आमच्याकडे कुणी आलंच नाही, म्हणाली. मग हे चोवीस प्रश्न कुणी भरले?"

पाहणीबाईंनी फॉर्म हातात न घेताच वाचला. इस्त्रीच्या दुकानामागचं घर, वय छत्तीस, शिक्षण आठवी, कौल बादली या चिन्हाला.

"खोटं बोलतेय ती."

"मतदार खोटं कशाला बोलेल?"

पाहणीबाईंना हसू आलं. साहेब एकतीस वर्षांचे, त्यातली आठ वर्षं संगणकासमोर गेलेली. मतदार खोटं कशाला बोलेल असं विचारणारा माणूस निवडणुकीचे अंदाज बांधणार, आणि लोक ते चहा पिता पिता वाचणार.

"तुम्ही जुन्या आहात म्हणून सांगतो," साहेब म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत तिची सही आणा, की तुम्ही गेला होता. नाहीतर मला 'घरी बसून भरलं' असं लिहावं लागेल. ते एकदा लिहिलं की नाव यादीतून गेलं. आमच्याच नाही, सगळ्याच कंपन्यांच्या."

घरी बसून भरलं! बावीस वर्षांत पाहणीबाईंनी एकही फॉर्म घरी बसून भरला नव्हता. बाकीचे पाहणीवाले दोन गल्ल्या फिरायचे आणि उरलेली आठ घरं बागेतल्या बाकावर बसून उरकायचे. बाईंचा नेम चुकला नाही. गल्लीच्या तोंडापासून डाव्या हाताने दर पाचवं दार, आणि त्या घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार तोच माणूस. तो अंघोळीला गेला असेल तर पायरीवर बसून राहायचं. दुसरं काही मिरवण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतं. हे मात्र होतं.

मतदार या प्राण्याबद्दल त्यांचं मत फार पूर्वीच बनलं होतं. भिंतीला पाठ टेकून राजकारणावर तासभर बोलणारा मतदानाच्या दिवशी झोपा काढतो. नाकाने कांदे सोलणारा आपल्या जातभाईपलीकडे बघत नाही, आणि कारण विचारलं की 'विकास' म्हणतो. बायका नवऱ्याकडे बघतात, नवरे शेजाऱ्याकडे बघतात, शेजारी टीव्हीकडे. कोण निवडून यावंसं वाटतं असं विचारलं तर उलट आपल्यालाच विचारतात, "हवा कुणाची आहे?" म्हणजे ती कळली की तिकडे पाठ करून उभं राहायला बरं. कौल देताना ओठावर एक आणि पोटात एक, आणि निकाल लागला की हेच लोक पाहणीवाल्यांना हसायला मोकळे. चोर तो चोर, वर शिरजोर.

बसमध्ये बसल्यावर त्यांना ती दुपार आठवली. इस्त्रीवाली घरात एकटीच होती. धुण्यातून उठून आली, हात ओले. आधी म्हणाली, "यांना विचारा ना, मला काय कळतंय." बाईंनी नेहमीसारखं सांगितलं, की वाढदिवस तुमचा आधी येतोय, त्यामुळे उत्तर तुमचंच लागतं. हे ऐकून ती जराशी सरळ उभी राहिली. मग बाईंनी कार्ड पुढे धरलं. कार्डावर सगळ्या पक्षांची चिन्हं असतात, बोलायचं काही नाही, नुसतं बोट ठेवायचं. त्या गल्लीत सगळे खुर्चीवर बोट ठेवत होते. हिने आधी मागे वळून रिकाम्या घरात पाहिलं आणि बोट बादलीवर ठेवलं. कार्डावर ओला ठसा उमटला, तो तिने लगेच तळहाताने पुसून टाकला.

"कारण?" बाईंनी विचारलं होतं.

"तो बादलीवाला प्रचाराला आला तेव्हा त्यानं मला माझं नाव विचारलं," ती म्हणाली होती. "बाकीचे सगळे भाऊजींचं नाव घेऊन हाक मारतात."

यालाही काय कारण म्हणायचं, असं बाईंच्या मनात आलं होतं. नाव विचारलं म्हणून देश हातात द्यायचा. पण त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

दुकानात आज माणसं होती. इस्त्रीवाली एक पांढरा शर्ट इस्त्री करत होती. बाहेर खुर्चीवर तिचा दीर बसला होता, छातीला खुर्चीचाच बिल्ला. नवरा मागे चादरींच्या घड्या घालत होता. तो नसता तरी चाललं असतं, असा माणूस. बाईंना पाहून इस्त्रीवालीचा हात क्षणभर थांबला, मग परत चालू लागला.

"काय पाहिजे?" दिराने विचारलं.

"पाहणीच्या ऑफिसातून आलेय. यांची एक सही हवी होती."

"कसली सही?"

बाईंनी कागद काढला. दिराने तो त्यांच्या हातातून घेतला आणि ओठ हलवत वाचला. "आमच्याकडे पाहणी झाली होती असं लिहिलंय यात." तो वळला. "वहिनी, परवा फोन आला तेव्हा तू तर म्हणालीस, कुणीच आलं नव्हतं."

त्या घरात फोन एकच आणि तो स्पीकरवर ठेवायची पद्धत, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. तपासणीवाल्या मुलीचा गोड आवाज सगळ्या घराने ऐकला असणार. आलं होतं म्हटलं असतं तर दिराचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, की मग काय सांगितलंस.

"आल्या होत्या का या?" दीर म्हणाला. "आणि आल्या होत्या तर लपवलंस कशाला? काय सांगितलंयस यांना?"

नवऱ्याने चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. इस्त्री शर्टाच्या पाठीवर एकाच जागी उभी होती, आणि कापड करपल्याचा वास दुकानात पसरला तरी ती उचलायचं कुणाला सुचलं नाही.

भित्री भागूबाई, पाहणीबाईंच्या मनात आलं. जीभ उचलून दोन शब्द बोलायची छाती नाही, आणि मत द्यायला निघालीय. हिच्यापायी माझी बावीस वर्षं जायची. एक 'हो' म्हण, बाकीचं मी निस्तरते. त्यांनी इस्त्रीवालीकडे डोळे रोखून पाहिलं. ती बाईंकडे पाहत नव्हती. ती करपणाऱ्या शर्टाकडेही पाहत नव्हती. ती दिराच्या हाताकडे पाहत होती.

बाईंना फार संताप आला. तिचा आला, दिराचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण आपण आता काय बोलणार आहोत ते त्यांना कळून चुकलं होतं.

"नाही आले मी," त्या म्हणाल्या. "या दारात आज पहिल्यांदाच येतेय. फॉर्म घरी बसून भरला होता. तपासणीत सापडले, म्हणून म्हटलं सही मिळते का बघावं."

दिराचा चेहरा सैल झाला. मग तो खुर्चीत नीट मागे टेकून बसला.

"म्हणजे बोगस काम."

"हो."

"या वयात? लाज वाटायला पाहिजे, बाई. तुमच्यासारख्या लोकांमुळे खरं काय ते वर पोचत नाही. लोकांचं मत म्हणजे काय खेळ आहे?"

"चुकलं माझं."

तेवढ्यात इस्त्रीवालीने इस्त्री उचलून बाजूला ठेवली. "मी तर तेव्हाच सांगितलं होतं ना, भाऊजी," ती म्हणाली. आवाज अगदी साफ होता. "यांना मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही."

पाहणीबाईंनी कागद परत मागून घेतला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

"ते जाऊ दे," दीर म्हणाला. तो आता खुशीत होता. "एवढ्या गल्ल्या फिरता, तर खरं सांगा. हवा कुणाची आहे?"

बाईंनी त्याच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"तुमचीच," त्या म्हणाल्या.

"बघ," तो मागच्या भावाला म्हणाला. "लोक बोलतातच."

संध्याकाळी साहेबांनी शेरा लिहिला. लिहिताना त्यांनी दोनदा विचारलं, "बाई, नक्की? तुम्ही असं करणाऱ्यातल्या वाटत नाही." बाई म्हणाल्या, लिहा. मग त्यांनी ओळखपत्र, पेन, कोरे फॉर्म एकेक करून टेबलावर ठेवले.

"कार्ड राहिलं," साहेब म्हणाले. "ते उद्या नव्या मुलीला लागेल."

पाहणीबाईंनी कार्ड पिशवीतून काढलं. देण्याआधी बादलीच्या चित्रावरून त्यांनी एकदा तळहात फिरवला. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. कार्ड त्यांनी इतर वस्तूंवर ठेवलं आणि जिन्याकडे निघाल्या.