काठावरचं नाव

पौष लागला की मासळी गार पाण्याच्या तळाला जाऊन बसते, जाळ्याकडे फिरकतसुद्धा नाही. मग महेंद्र धरणाच्या फुगवट्यातली होडी काठावर ओढायचा, शीड उतरवायचा आणि पालथ्या होडीला डांबर फासायचा. यंदाही भावकीतले गडी आले, होडी पालथी करून दगडांवर टेकवली आणि चहाला वस्तीवर गेले. वारा खाली शिरून होडी उचलायला नको, म्हणून महेंद्रनं एकेक दगड काढून ती जमिनीला बसवली.

तेवढ्या वेळात त्याची बायको माधुरी पलीकडे खताच्या गोण्या शिवून केलेल्या शिडाची घडी घालत होती. कल्याण, तिचं दोन वर्षांचं लेकरू, पायाशी माती उकरत होतं. वाऱ्यानं शीड पुन्हा पुन्हा तिच्या तोंडावर येत होतं. शेवटी ते सावरून बघते, तर पायाशी कुणी नाही.

"आत्याबाई, कल्या..."

चांगुणाबाईंनी सुनेच्या तोंडावर हातच ठेवला. "काठावर नाव घ्यायचं न्हाई. आसरा ऐकत्यात. धोंड्या म्हन."

आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया. त्यांना नाव कळलं की त्या त्याच नावानं पोराला आत बोलावतात, अशी इथली धास्ती. म्हणून काठावर वस्तीतलं प्रत्येक पोर धोंड्या. माधुरी श्रीगोंद्याकडची, उसाच्या गावातली. नवी नवरी होती तेव्हा तिला याचं हसू यायचं.

"धोंड्या, ए धोंड्या." सासू-सून हाका मारत काठानं पळाल्या. पाणी गप्प होतं. 

"आत्ता तर हितंच हुता," म्हणत महेंद्र कपड्यांनिशी पाण्यात शिरला आणि वाकून हातांनी तळ चाचपू लागला. त्याचे ते चाचपणारे हात बघत माधुरी काठावर थांबली.

आणि तिच्या ध्यानात आलं. लेकरू जन्मापासून माहेरी वाढलेलं, इथं येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. धोंड्या म्हणजे आपण, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

"माधुरी, नगं गं," सासू पुटपुटली.

"कल्याण," ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "माझ्या राजा, कल्याण."

होडीच्या पोटातून झोपाळलेला हुंकार आला.

महेंद्र धावला. तिघांनी मिळून होडीची कड उचलली. माधुरीनं आत हात घालून लेकराला ओढलं. दगड होते तेव्हाच ते फटीतून आत रांगत गेलं असणार, अंधार बघून झोपलं असणार. तिनं त्याची बोटं न् बोटं चाचपली. सगळी धड होती. महेंद्र काढलेल्या दगडांकडे बघत मटकन खाली बसला.

"म्या बगितलं न्हाई गं आत," एवढंच तो म्हणाला.

चांगुणाबाई रागावल्या नाहीत. "चल. म्होरं चाल. मागं बगू नगंस."

माधुरी लेकराला पदराखाली घेऊन चढण चढू लागली. चांगुणाबाई तिच्या मागून निघाल्या, पण तोंड पाण्याकडे करून, दोन्ही हात पसरून, एकेक पाऊल मागं टाकत, वस्ती येईपर्यंत.