आठव्या दिवसाचा संशय

लपवलेली पोरं अभिमनला बरोबर सापडत. कुठल्या घरात पोर कणगीमागे दडलंय, कुठल्या घरात गोठ्यातल्या कडब्याआड, हे त्याला उंबऱ्यावरूनच कळे. आई 'घरी कोणी नाही' म्हणाली की तो तिचं बोलणं ऐकत नसे, तिची नजर कुणीकडे वळते ते बघे. ही विद्या त्याला धुळ्याच्या ट्रेनिंगात मिळालेली नव्हती. तो सहा वर्षांचा असताना धरणगावला त्याच्या आईनं त्याला असंच ज्वारीच्या कणगीत बसवलं होतं, आणि देवी टोचणारा दारावरून पुढे निघून गेला होता. त्याच उन्हाळ्यात त्याला देवी आल्या. जीव वाचला, पण चेहऱ्याची चाळण झाली.

सातवीची फायनल पास झाल्यावर त्याच्या वडिलांनी, तोताराम आबांनी, त्याच्यासाठी तलाठ्याच्या नोकरीचा शब्द टाकून ठेवला होता. मास्तरकीचीही वाट होती. अभिमननं दोन्ही सोडून देवी टोचायची नोकरी धरली, तेव्हा आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तलाठी व्हयना ते गाव तुले राम राम करी. टोचनारले देखीसन कुत्राबी भोकतस."

"भुंकू द्या, आबा," अभिमन म्हणाला. "माझ्या तोंडाकडे बघून तरी चार बाया पोरं पुढे करतील."

त्याला दोंडाईचा आणि आसपासची तीस खेडी मिळाली. पहिलं वर्ष बरं गेलं. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणू लागले. टोचलं की आठव्या दिवशी पुन्हा गावात जायचं आणि पोरांचे दंड तपासायचे; टोचल्या जागी टपोरा फोड दिसला की लस लागली. फोड नसेल तर रजिस्टरात 'निष्फळ' लिहायचं. पहिल्या वर्षी त्याच्या रजिस्टरात हा शब्द क्वचितच होता.

दुसऱ्या हंगामात एका गावी झटापट झाली. नस्तर, म्हणजे टोचायची ती बारीक सुरी, त्याच्या हातात असतानाच एका बाईनं पोर हिसकून घेतलं. पोराच्या गालावर ओरखडा उठला, माणसं गोळा झाली, आणि अभिमनला पाटलाच्या ओट्यावर अर्धा दिवस बसून राहावं लागलं. त्या दिवसापासून त्याचा बायांवरचा भरवसा उडाला. पोराचा दंड एकदा हातात आला की तो सोडायचा नाही, क्षणाचीही उसंत द्यायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. हात भराभर चालू लागला. एका सकाळी चाळीस पोरं टोचून होऊ लागली.

आणि फेब्रुवारीत दंड कोरे निघू लागले.

पहिल्या गावात चाळीसपैकी एकतीस. दुसऱ्यात जवळजवळ सगळेच. अभिमनला वाटलं, बाया घरी जाऊन लस पुसून टाकतात. मग तो टोचलेल्या पोरांना लिंबाखाली डोळ्यांसमोर बसवून ठेवू लागला, ओरखडे वाळेपर्यंत एकालाही उठू देत नसे. तरी आठव्या दिवशी दंड कोरेच.

खैरवाडे गावात सुंदरबाई नावाची एक म्हातारी होती. तिनं पहिल्या दिवशी त्याला दारातच अडवलं होतं. "घरमा पोरसोर कोनी नही शे, भाऊ. बठ्ठा वावरमा गयात." तिची नजर ओसरीतल्या पाळण्यावरच्या गोधडीकडे गेली, आणि अभिमननं गोधडीखालून तिची नात काढली. नातीला टोचत असताना म्हातारी त्याच्या हाताकडे टक लावून बघत राहिली. ती नजर त्याला आवडली नाही. ही गावात काहीतरी पसरवणार, असं त्याला वाटलं.

पण एक म्हातारी सहा गावांची लस कशी बिघडवील? मग त्याचा संशय धनसिंगवर गेला.

धनसिंग धुळ्याच्या कचेरीतला शिपाई. पन्नाशीचा, कमी बोलणारा. लशीच्या काचेच्या नळ्या मडक्यात ठेवून, मडक्याला ओलं फडकं गुंडाळून तो सर्व्हिस मोटारीनं दोंडाईच्याला येई. लस उन्हात तापली की मरते, हे अभिमनला ठाऊक होतं. शिवाय धनसिंग मोटार आल्यावर लगेच कधीच पोचत नसे. आला की स्वतःच म्हणे, "मोटारले उशीर व्हयना."

एका मंगळवारी अभिमन मोटार थांबायच्या जागेसमोर, सरकीच्या पोत्यांआड उभा राहिला. मोटार वेळेवर आली. धनसिंग मडकं घेऊन उतरला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि अभिमनच्या खोलीकडे न येता मागच्या गल्लीत शिरला. एका घराचं दार वाजवून आत गेला. अभिमन बाहेर थांबून राहिला. ऊन चढत गेलं. बऱ्याच वेळानं धनसिंग तोंड पुसत बाहेर आला, आणि खोलीवर पोचल्यावर म्हणाला, "मोटारले उशीर व्हयना, डॉक्टर."

अभिमननं त्याला काही विचारलं नाही. त्याच संध्याकाळी त्यानं इन्स्पेक्टर बन्सीलाल यांच्या नावे अर्ज लिहिला. शिपाई खोटं बोलतो, लस परस्पर एका घरी नेतो, तिथे तासभर ठेवतो, आणि म्हणूनच तालुक्यातली पोरं लस टोचूनही उघडी राहतात. अर्ज लिहिताना त्याला आपल्या हुशारीचं समाधानही वाटलं. दहा दिवसांत धनसिंगला कामावरून दूर केल्याचा कागद आला.

त्यानंतरची लस अभिमननं स्वतः धुळ्याहून आणली. सगळ्या वाटेत मडकं मांडीवर धरलं, नरडाण्याला उतरून फडकं पुन्हा भिजवलं. खोलीत शिरल्यावर नळ्यांना हात लावून पाहिला. गार होत्या. त्यानं खैरवाड्याच्या कोऱ्या दंडांची सगळी पोरं पुन्हा टोचली.

आठव्या दिवशी तो गावात गेला. पहिल्याच घरी दंड कोरा. दुसऱ्या घरी कोरा. पाचव्या, सातव्या घरी तेच. मडकं त्यानं हातावेगळं केलं नव्हतं, नळ्यांच्या तोंडावरची लाख त्यानंच फोडली होती. आता संशय घ्यायला एकच माणूस उरलं होतं, असं त्याला वाटलं, आणि तो तरातरा सुंदरबाईच्या घरी गेला.

म्हातारी चुलीपुढे बसली होती. पुढ्यात दुधाचं पातेलं होतं. नात अंगणात खेळत होती, दंड उघडा, गुळगुळीत.

"अक्का, खरं सांगा," अभिमन म्हणाला. "दंडाला काय लावलंत? हळद? ताक? गावातल्या बायांना काय शिकवलंत?"

"बस, भाऊ," ती म्हणाली.

"बसायला आलो नाही मी."

"हलद नही, ताक नही. पानीबी नही लायं. तू सांगं व्हतं, तसंच करं." तिनं पातेल्यात बोट घालून दूध पाहिलं आणि पातेलं बाजूला सारलं. "आजून ऊन शे."

"मग फोड का येत नाही?"

सुंदरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "मी सांगू ते राग येई तुले."

"सांगा."

"तू चाकू दिवावर धरस, लाल करस, आन तसाच थेंबमा घालस. मी तुना हात दोन्हीदाव देखा. उकळता दूधमा इरजन टाकं ते दही लागस का? इरजन मरी जास."

अभिमन खाली बसला.

ट्रेनिंगात शिकवलं होतं, नस्तर दिव्यावर शुद्ध करून पुरतं गार होऊ द्यायचं, आणि मगच लशीला लावायचं. पहिल्या वर्षी तो तेवढं थांबत असे. थांबणं त्यानं सोडलं होतं ते बाया पोर हिसकतील म्हणून.

"अक्का, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"माले वाटनं, सरकारनी रीत व्हई. आन तू आमले चोर समजस. चोरनं कोन ऐकस?"

त्याच पायी अभिमननं सुंदरबाईच्या नातीला अंगणात बसवलं. नस्तर दिव्यावर धरलं, मग हवेत धरून सावकाश साठपर्यंत आकडे मोजले. पोर रडलं, पण कोणी हिसकलं नाही. म्हातारीनंच तिला धरलं होतं. आणखी बारा पोरं त्यानं तशीच टोचली. ते आठ दिवस त्याला झोप लागली नाही. फोड यावा असं वाटे, आणि येऊ नये असंही वाटे. आला तर धनसिंगचं काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं.

तेराही दंडांवर मोत्यासारखे फोड आले.

पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टर बन्सीलाल फेरीवर आले. रजिस्टर चाळून खूष झाले. "बघितलंत? शिपाई हलवला आणि लस लागायला लागली. तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला, अभिमनराव. मी वर तसं कळवतो."

"साहेब, शिपायाचा दोष नव्हता," अभिमन म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं.

बन्सीलालांनी रजिस्टर मिटलं. "हे तुम्हांला, मला आणि एका म्हातारीला ठाऊक आहे," ते म्हणाले. "कागद पुढे गेलेला आहे. तुम्ही तरुण आहात, नोकरी नवी आहे. राहू द्या."

ते आपुलकीनं बोलले, पण अभिमनला त्या आपुलकीचीच शंका आली. अर्जावर शिफारस साहेबांचीच होती. चूक निघाली तर तीही निघणार होती. मग त्याला वाटलं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखायची खोड आता पुरे. त्यानं दुसरा अर्ज लिहिला, थेट मोठ्या साहेबांच्या नावे, आणि तो स्वतः घेऊन धुळ्याला गेला.

अर्ज दिल्यावर तो धनसिंगचं घर शोधत गेला. धनसिंग ओट्यावर दोर वळत बसला होता. त्यानं बस म्हटलं नाही. अभिमननं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"त्या गल्लीत कोण राहतं?" शेवटी त्यानं विचारलं.

"मनी सख्खी बहीन." धनसिंगनं दोर खाली ठेवला. "मोटारमा फडकं सुकी जाये. तठे रांजन शे. फडकं भिजाडीसन मडकं रांजनखाले ठेवू, गार व्हये तोवर भाकर खाऊ. तुम्हले भाकरनं सांगाले लाज वाटे, म्हनीसन मोटारनं नाव सांगू. माले एकदाव इचारतात ते सांगतू ना."

अभिमन तसाच मोटारीला गेला.

चौकशी झाली. अभिमनला ताकीद मिळाली, त्याची बढती तीन वर्षं थांबली, आणि उरलेला हंगाम त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी पायी फिरावं लागलं. बन्सीलाल पुन्हा त्याच्याशी मोकळेपणानं बोलले नाहीत. आबांनी धरणगावहून निरोप पाठवला, की तलाठ्याची जागा अजून निघू शकते. त्यानं नको म्हणून कळवलं. नस्तर गार होईपर्यंत तो आता पोराच्या आईशी बोले, तिला आपला चेहरा दाखवी, आणि पोर हिसकायला तिला पुरेसा वेळ देई. कधीकधी एखादी हिसकतही असे. मग तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई.

पुढच्या हंगामात धनसिंग कामावर परतला, आणि लस घेऊन दोंडाईच्याला येऊ लागला. मोटारीतून उतरला की तो सरळ खोलीवर येई, फडकं सोडी, आणि खोलीत कोणीही बसलेलं असो, सगळ्यांसमोर म्हणे, "हात लायी देखा, डॉक्टर. गार शे का?"

अभिमन हात लावून पाही. "गार आहे."

"लिखी द्या."

अभिमन चिठ्ठी लिहून देई. एकदा तो म्हणाला, "धनसिंगभाऊ, आता पुरे झालं. मला तुमच्यावर संशय नाही."

"तुम्हले नही," धनसिंग म्हणाला, आणि मडकं त्याच्यापुढे सरकवलं. "पन माले तुम्हनावर शे."

अभिमननं हात लावून पाहिला आणि चिठ्ठी लिहायला घेतली.