शेवटच्या बाकावरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. काळा रंग, एकच स्पीकर, पुढे सहा खटके आणि उचलायला वर एक दांडी. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल. पोटात कॅसेट घालायची, लाल खटका दाबायचा, की समोर जे बोललं जाईल ते मी फितीवर उतरवून घेत असे. स्वतःचं काही बोलावं अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आज बोलतो आहे, कारण सव्वीस वर्षं एका मुलाचा आवाज माझ्या भरवशावर होता आणि मी तो राखू शकलो नाही.

१९८६ साली कालिंदी मॅडमनी मला क्रांती चौकाजवळच्या एका दुकानातून विकत घेतलं. छावणी ओलांडून दौलताबादकडे निघालं की एक नवं कॉलेज लागायचं. मॅडम तिथे भूशास्त्र शिकवत, तेही इंग्रजीतून. कॉलेजच्या भोवती तेव्हा ज्वारीची रानं होती, पण त्या वर्षी रानात पीक नव्हतं. खिडकीतून नुसती तापलेली ढेकळं दिसायची. आजूबाजूच्या गावांतली मुलं सायकलींवर येत आणि येताना पाण्याची बाटली घरून भरून आणत, कारण कॉलेजच्या नळाला पाणी असेलच याची खात्री नव्हती.

मॅडम मनापासून शिकवायच्या, पण बोलायच्या भरभर. शहरातल्या मुलांना त्याचं काही वाटत नसे. गावाकडच्या मुलांना बारावीपर्यंत इंग्रजी पुस्तकातलं मराठीतून समजावून सांगणारे शिक्षक मिळाले होते. इथे एकदम तासभर नुसतं इंग्रजी कानावर पडे. ती मुलं वही उघडून बसत आणि वही कोरीच राही. आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसावा, असं मॅडमना वाटलं. म्हणून त्या मला रोज शेवटच्या बाकावर ठेवू लागल्या. घरी जाऊन कॅसेट ऐकायची आणि आवाज कुठे पडतो ते पाहायचं, असा त्यांचा बेत होता.

त्या बाकावर सांडू बसायचा. दौलताबादच्या पलीकडच्या एका लहान गावातला मुलगा, उंच, किडकिडीत, बोलणं अगदी हळू. त्याच्या शेजारी छावणीतला बद्रीनाथ. सांडूला इंग्रजी येत नव्हतं असं मात्र नाही हं. पुस्तकातलं पान तो सरळ वाचायचा, अर्थही लावायचा. अडचण ऐकण्याची होती. एकदा त्यानं ती बद्रीनाथला सांगितली, आणि मी इतका जवळ होतो की मला ती शब्दन् शब्द ऐकू आली.

"पुस्तकात दोन शब्दांच्या मधी जागा ऱ्हाती," तो म्हणाला. "ह्या बोलत्यात तव्हा जागाच नसती. सगळं एका दमात. वॉटरहॅस्टुगोसमव्हेअर. ह्याच्यात किती शब्द हायेत, तूच सांग."

बद्रीनाथनं बोटं मोजली. "पाच."

"पाच? मला एकच ऐकू आला."

दोघंही हसले. पण सांडूचं हसणं लवकर संपलं. वाचनालयात एका मुलीनं त्याच्या शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं होतं, 'इज धिस सीट टेकन?' खुर्ची कोणी घेऊन जाणार आहे की काय, त्याला कळेना. चूक नको म्हणून तो 'यस' म्हणाला. ती मुलगी निघून गेली आणि तासभर ती खुर्ची त्याच्या शेजारी रिकामी राहिली. "लोक बघत व्हते," तो म्हणाला. "त्यांला वाटलं असंल, ह्यानं कुणासाठी धरून ठिवली."

१९८७ च्या जानेवारीतली गोष्ट. मॅडम विहिरींबद्दल शिकवत होत्या. आपल्याकडच्या जमिनीत वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी कुठून झिरपतं, कुठे अडतं. विहीर खोल करताना मुरमाचा थर का ढासळतो, त्याला आतून आधार कसा द्यायचा. माझी फीत फिरत होती. सांडू ओठ हलवून एकेक शब्द पकडायला बघत होता. दोन पकडले की चार सुटत. तास संपत आला तेव्हा तो उभा राहिला. पाय बाकाला लागला, तो आवाजही माझ्याकडे आला.

"मॅडम," तो म्हणाला. "मॅडम, वन मोअर टाइम, प्लीज. वॉल... विहिरीची वॉल..."

तेवढ्यात घंटा झाली. बाकं सरकली, मुलं उठली. मॅडमनी फळा पुसला, माझ्याजवळ येऊन खटका बंद केला आणि मला उचललं. सांडू अजून उभाच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही असेल, पण त्यांच्या डोक्यात पुढचा तास होता.

आठ दिवसांनी सांडू यायचा बंद झाला. हजेरीत त्याच्या नावापुढे लाल रेघा पडत गेल्या.

मॅडमनी ती कॅसेट तेव्हा ऐकलीच नाही. परीक्षा आल्या, पेपर तपासायचे आले, कॅसेट घरातल्या कपाटात पडून राहिली. मे महिन्यात कपाट आवरताना ती सापडली आणि त्यांनी ती माझ्या पोटात घातली. त्या कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होत्या. आपलाच आवाज ऐकून एकदा स्वतःशी म्हणाल्या, "अगं बाई, किती घाई करते मी!" मग तो आवाज आला. मॅडम, वन मोअर टाइम, प्लीज.

त्यांच्या हातातली घडी तशीच राहिली. त्यांनी मागे फिरवून पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बद्रीनाथच्या घरी गेल्या आणि त्याला घेऊन सांडूच्या गावी गेल्या. मी घरीच होतो. दुपारी परत आल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या, पण त्यांनी मला सुरू केलं नाही. संध्याकाळी आईशी बोलल्या तेव्हा मला कळलं. कॉलेज सुटल्यावर सांडू विहिरी खोल करणाऱ्या टोळीबरोबर कामाला लागला होता. त्या उन्हाळ्यात गावोगाव विहिरी खोल करणं चाललं होतं. वीस दिवसांपूर्वी मुरमाचा कडा ढासळला. खाली दोघं होते. एकाला वर काढता आलं. तो सांडू नव्हता.

"त्याच्या आईला कॅसेटचं सांगितलंस का?" मॅडमच्या आईनं विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "माझी जीभ रेटली नाही."

त्यानंतर मॅडमचं शिकवणं बदललं. त्या चार वाक्यं बोलून थांबू लागल्या. आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, 'बट' म्हटल्यावर कान का टवकारायचे, 'फॉर एक्झाम्पल' आलं की दम घ्यायला कशी सवड मिळते, हे त्या मुलांना शिकवू लागल्या. मला घेऊन त्या कॉलेजभर हिंडल्या. वाचनालयाची खिडकी, कँटीन, प्रयोगशाळेचा दरवाजा, जिथे जिथे इंग्रजी बोललं जाई तिथलं त्यांनी माझ्याकडून उतरवून घेतलं. मग गावाकडची मुलं दुपारी माझ्याभोवती कोंडाळं करून बसत. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा जोर कोणत्या शब्दावर आहे ते बघायचं. तिसऱ्यांदा लिहायचं. कळलं नाही तर पुन्हा. माझे ते वैभवाचे दिवस होते. लोक माझं कौतुक करत. आमच्या कॉलेजची मुलं मुलाखतीत अडखळत नाहीत, असं म्हणत.

पण मला ते कौतुक नीट घेता आलं नाही. फितीवर काही उतरवताना लाल दिवा लागला की मला वाटे, मागून कोणीतरी उभं राहतंय. पाय बाकाला लागतोय. मॅडमनाही तसंच होत असावं. शिकवताना त्या मध्येच थांबत आणि शेवटच्या बाकाकडे बघून विचारत, "मागे कोणी काही म्हणालं का?" बाकावर कोणी नसलं तरी विचारत. नवी मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत. "मॅडमना तिथं कोणतरी दिसतं," असं म्हणत. मॅडमच्या कानावर ते गेलं होतं, पण त्यांनी कोणाला रागावलं नाही. सांडूची कॅसेट त्यांच्या टेबलाच्या खणात असे. ती त्यांनी कधी कोणाला ऐकवली नाही आणि पुसलीही नाही.

वर्षं गेली. शहर आमच्याकडे सरकत आलं. कारखाने आले, त्यांच्यामागून वसाहती आल्या. ज्वारीची रानं जाऊन प्लॉटच्या पांढऱ्या रेघा पडल्या, मग चारमजली इमारती झाल्या आणि प्रत्येकीच्या आवारात बोअर मारायची यंत्रं धडधडू लागली. कॉलेजात संगणक आले, कानाला लावायची उपकरणं आली. मला भांडारघरात ठेवलं, तुटक्या खुर्च्यांच्या खाली. माझं रबरी चाक चिकट झालं. फीत फिरवणारा पट्टा सैल पडला. धूळ आत, पार फितीच्या वाटेपर्यंत गेली. बारा वर्षं मला कोणी पुसलं नाही.

२०१३ सालचा दुष्काळ तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. शहरात चार-चार दिवस नळ कोरडे, गावात टँकर. त्याच उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. खण रिकामा करताना ती कॅसेट हाती लागली. त्यांनी भांडारातून मला मागून घेतलं, पदरानं वरवर पुसलं आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. मला आतून साफ करायला हवं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मला कळत होतं, पण मी सांगणार कसा?

सांडूची आई सारजाबाई पत्र्याच्या घरासमोर टँकरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी रिकामे हंडे. मॅडम मला उचलून त्यांच्यापर्यंत गेल्या, तेव्हा त्यांनी मॅडमना ओळखलं.

"सांडूच्या म्याडम ना तुमी? तव्हा आल्या व्हत्या."

"हो. तेव्हा एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती मी." मॅडमनी सगळं सांगितलं. तास कसला होता, त्यानं काय विचारलं, आपण कशा निघून गेलो, त्याचा आवाज फितीवर कसा राहिला. "मी तेव्हा थांबले असते तर त्याला मुरमाचं कळलं असतं, सारजाबाई."

सारजाबाईंनी शेजारचा हंडा जवळ ओढला. "मुरमाचं त्याला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "लहानपणापून इहिरीवरच ऱ्हायलो आमी. ठाऊक असूनबी उतरावं लागतं, बाई. ते तुमच्या अंगावर नका घेऊ." मग म्हणाल्या, "पण त्यानं इचारलं व्हतं, तर सांगायचं व्हतं. कालिजातून आला की म्हनायचा, आई, म्या तिथं बहिरा हाय."

मॅडमनी मला त्यांच्यासमोर ठेवलं.

"त्याचा आवाज हाय म्हनता ह्याच्यात?"

घरातून वायर ओढून मला अंगणात लावलं. खटका दाबला. मॅडमचा तरुणपणचा आवाज आला, मग तो पाय लागल्याचा आवाज, मग सांडू. मॅडम, वन मोअर टाइम, प्लीज. विहिरीची वॉल. सारजाबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांच्याकडे मुलाचा एक फोटो होता, दहावीचा. आवाज कुठेच नव्हता.

"हळूच बोलायचा," त्या म्हणाल्या. "घरीबी आसंच. पुन्यांदा लावा."

मॅडमनी फीत मागे घेतली आणि खटका दाबला. मित्रांनो, तेव्हा माझ्या चिकट चाकानं ती फीत धरली आणि सोडलीच नाही. मी थांबायचा प्रयत्न केला, पण मला थांबता येत नाही. खटका वर आला तरच मी थांबतो. आवाज आधी जाड झाला, मग घोगरा, मग बुडाला. मॅडमनी घाईनं झाकण उघडलं. फीत माझ्या आत गुंतून चुरगळली होती. त्यांनी ती बोटांनी सोडवली, पेन घालून गुंडाळली, पुन्हा लावली. मॅडमचं इंग्रजी लांबून ऐकू येत होतं. सांडूच्या जागी नुसती खरखर होती.

मॅडम रडू लागल्या. सारजाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. येकदा ऐकला म्या." त्यांनी मला बाजूला सरकवलं आणि मॅडमच्या समोर मांडी घालून बसल्या. "आता मला सांगा. त्यानं इचारलेलं काय व्हतं ते. मराठीत सांगा."

मॅडमनी डोळे पुसले. अंगणातल्या मातीत बोटानं एक गोल काढला. वर माती, मग मुरूम, मग पाषाण. मुरमात भेगा का असतात, पाणी आटलं की तो सुटा का होतो, खोदताना आतून आधार कुठे द्यायचा. चार वाक्यं झाली की त्या थांबत. सारजाबाई "व्हय" म्हणत, मगच पुढे जात. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं तुमच्या घरात असतील तर त्यांना अधूनमधून आतून पुसा. त्यांच्यात कोणाचा आवाज आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं. आणि मागून कोणी हळू आवाजात काही विचारलं, तर घंटा झाली असली तरी थांबा. हे मी विनंती म्हणून सांगतो. दुसरं काही माझ्याजवळ उरलेलं नाही.

मॅडमचं सांगून झालं तेव्हा लांबून टँकरचा भोंगा ऐकू आला. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन पळाल्या. सारजाबाई उठल्या नाहीत. त्या मातीतल्या गोलाकडे बघत होत्या.

"येवढंच व्हतं व्हय?" त्या म्हणाल्या.