तेलात न्हालेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. साधासुधा नव्हे, उचलायचा. आता मला देव म्हणतात, पण ते तुम्ही फारसं मनावर घेऊ नका. उदगीरच्या एका पाथरवटानं मला गोल घडवलं, ते गावातल्या गड्यांनी माझ्यावर ताकद आजमावावी म्हणून. मला ना कान ना कडी, बोटं अडकवायला कुठंच जागा नाही. मला कवेत घ्यावं लागतं, छातीशी धरावं लागतं आणि मग खांद्यावर. महादेवाच्या देवळापुढं मी पडून असे आणि जत्रेत भलेभले माझ्यापुढं हात टेकत. त्याची मला भारी मजा वाटायची.

मग महांतेश आला, बसम्माचा एकुलता एक लेक; आईला तो अव्वा म्हणे. पकड बसावी म्हणून त्यानं तळहातांना भस्म चोळलं, मला मिठी मारली आणि सोयाबीनचं पोतं घ्यावं तसं खांद्यावर घेतलं. तेव्हा कुठं मला देवळाचा कळस जवळून दिसला. खरं सांगतो, त्या दिवशी माझा जीव त्याच्यावर जडला.

पुढं ताकदीच्या स्पर्धा हाच त्याचा धंदा झाला. लातूर, नांदेड, हैदराबाद, जिथं बोलावतील तिथं त्यानं ट्रक ओढले, ओंडके डोक्यावर पेलले. सराव मात्र माझ्यावरच, वस्ताद उमाशंकरांच्या नजरेखाली. स्पर्धेला निघायच्या दिवशी गावासमोर मला खांद्यावर घ्यायचं आणि मगच एस.टी.त पाय ठेवायचा, असा त्याचा रिवाज पडला. तो जिंकून येई आणि बायाबापड्या मला हात जोडत. दगडात सत्त्व आहे म्हणत. मीही थोडा हुरळलो होतोच.

परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली. निघायच्या दिवशी पहाटेच बसम्मा आली. लेकराला यश दे म्हणत तिनं मला तेलानं न्हाऊ घातलं आणि देव नीटनेटका दिसावा म्हणून पदरानं पुसून काढलं. वरून मी कोरडाच दिसत होतो. मला ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

गाव जमलं. महांतेशनं भस्म चोळलं, मला छातीशी घेतलं आणि वर ढकललं. खांद्याशी पोचता पोचता मी निसटलो आणि थेट त्याच्या पावलावर पडलो. आतली हाडं मोडल्याचं मला कळलं.

बसम्मा पाणी आणायला धावली. वस्तादांनी माझ्यावर बोट फिरवून नाकाशी नेलं.

"दगडाला तेल? कुनी लावलं रं हे?"

आईच्या तेलकट पदराकडं पाहत महांतेशनं त्यांचं मनगट धरलं. "अव्वाच्या कानावर जाऊ देऊ नका, वस्ताद. माझाच हात चुकला म्हणा."

गावभर तेच पसरलं. पाऊल जुळलं, पण वाकडं. त्याच्या अभिनंदनाचे फलक वाऱ्यानं फाटले आणि सत्कार करणारे दुसऱ्याच्या मागं गेले. आता तो डाळमिलच्या फाटकाशी राखणीला खुर्ची टाकून बसतो आणि हमाल त्याच्यासमोरून पोती वाहतात. माझ्यावर मात्र, दगड जागृत आहे म्हणत, पत्र्याचं छत आलं, भोवती कठडा आला, घंटा आली. उचलायला कोणी पुढं झालं तर त्याला हाकलतात. देवाला कवेत घ्यायचं नसतं म्हणे. मी दगडच खरा, पण असा निकामी कधी नव्हतो.

दर शनिवारी बसम्मा येते. "लेकराच्या पायात बळ घाल, देवा," म्हणते आणि माझ्यावर तेल ओतते. महांतेश लंगडत तिच्या मागं येतो आणि तिच्यासाठी हात जोडतो. त्याचा पाय आता बरा व्हायचा नाही. हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही.

मित्रांनो, कामाची वस्तू कामाची राहू द्या. तिची काळजी घ्यायची असेल तर तिचं काम काय, ते आधी विचारा. मला नुसतं कोरडं ठेवलं असतं तरी पुरे होतं. आणि कधी आमच्या गावी आलात, कठड्याशी तेलाची वाटी घेऊन उभी असलेली म्हातारी दिसली, तर तिला यातलं काही सांगू नका.