शर्टावरची निळी फीत

त्या महिन्यात दुकानातल्या प्रत्येक शर्टाला निळी फीत लावली होती. विक्रीतला काही भाग पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरच्या तपासण्यांसाठी जाणार होता. "बिल करण्याआधी गिऱ्हाइकाला त्याबद्दल दोन वाक्यं सांगायचीच," असं मॅनेजरबाईंनी बजावलं होतं.

पण काउंटरवरच्या काकांची जीभ अडखळायची. "चांगल्या कामासाठी आहे," एवढं म्हणून ते मोकळे व्हायचे. लघवीच्या दुखण्याबद्दल चारचौघांत बोलायचं म्हणजे काय!

खरं तर वर्षभर त्यांनाच तो त्रास होता. पण सांगणार कुणाला? बायको जाऊन चार वर्षं झाली होती. लेक दूरच्या शहरात. दर रविवारी तिचा फोन यायचा, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या आणि फोन ठेवला की घर पुन्हा मुकं व्हायचं.

एका दुपारी पिकल्या केसांच्या एक बाई दिरासाठी शर्ट घ्यायला आल्या.

"ही फीत कसली हो?"

"चांगल्या कामासाठी."

"अहो, पण कसल्या?"

"ते... पुरुषांचं एक दुखणं असतं," काका पुटपुटले.

बाईंनी हातातला शर्ट खाली ठेवला. "प्रोस्टेटचा कॅन्सर ना? माझे मिस्टर त्यानंच गेले. दोन वर्षं त्रास लपवला. रोग हाडांत पोचला तेव्हा मला कळलं. चाळीस वर्षांच्या संसारात माझी कसली लाज वाटली हो त्यांना?"

काकांना मान वर करवेना. "सांगायला घरात कुणी तरी लागतं," ते एकदम बोलून गेले.

बाईंच्या सगळं लक्षात आलं. त्या हळूच म्हणाल्या, "घर रिकामं असलं तरी दवाखाना उघडा असतो, भाऊ. उद्याच जा!"

काका दवाखान्यात गेले. रक्त तपासलं, पुढच्या तपासण्या झाल्या. बाकावर शेजारी प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतं. काकांच्या शेजारी त्यांची पिशवी.

कॅन्सरच निघाला! पण तो ग्रंथीबाहेर पसरला नव्हता. "वेळेत आलात, उपचार होतील," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन काकांनी भरदुपारी लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती रडली, रागावली. "एवढे दिवस एकटे सोसत बसलात, बाबा? मी काय परकी आहे?"

दुसऱ्या दिवशी ती दारात हजर होती.

मित्रहो, दुकानांतल्या मोहिमांना हातभार लावाच. त्यातून कुणाची तरी तपासणी होते. पण आपलं दुखणं आपल्यालाच बोलून दाखवावं लागतं. शरीराची लाज धरून गप्प बसू नका. आणि ओळखीचा कुणी एकटा राहत असेल, तर त्याला आज आपणहून विचारा, "तब्येत खरंच बरी आहे ना?"