आसरांचा भाऊ

“जय आसरामाय!”

तेरणा नदीच्या काठावर पाचशे माणसं एका दमात ओरडली. डोहाच्या मधोमध जळनाथ महाराज हात वर करून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. ज्या डोहात मोटेचा नाडा सोडूनही तळ लागला नव्हता, ज्यानं दोन पट्टीचे पोहणारे गिळले होते, तिथं हा माणूस अंगणात हिंडावं तसा हिंडत होता.

“पाण्यातल्या देवी, आसरा, माझ्या बहिणी हैत!” महाराज गरजले. “म्या पाय ठिवतो तिथं त्या तळहात धरत्यात. ज्याच्या कपाळी माझा अंगारा, त्याला डोह बुडवणार न्हाय!”

बहिणी कुणाला कधी दिसल्या नाहीत. त्यांच्यासाठी आलेली लुगडी मात्र संध्याकाळी भावाच्या झोपडीत जात.

फसली सन तेराशे पंचावन्नचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंचेचाळीसचा कार्तिक होता. मी शिवलिंग, तेरजवळच्या एका गावच्या सरकारी शाळेचा मास्तर. उर्दूतलं समन्स आलं की गाव माझ्या ओट्यावर येई. भांडण मिटवायलाही मीच लागे. महाराज आले आणि ओटा ओस पडला. महाराज दर सोमवारी डोहात उतरत. एका सोमवारी माझी बायको हरणाबाई दह्याचं मडकं घेऊन डोहाकडे निघाली.

“मला ताक, अन् त्याला दही?” मी विचारलं.

“तुमच्या हातनं कुणाचं दुखणं गेलंय का?” म्हणाली, आणि गेली.

तेव्हापासून मी त्याच्यावर जळू लागलो. मास्तर सत्य शोधायला निघाले, असं लोक पुढं म्हणाले. ते खरं नाही. मला त्या माणसाची फजिती बघायची होती, तीही हरणाबाईसमोर.

गुरुवारी महाराज बेंबळी गावाला गेले होते. कमरेचा दोर काठावरच्या झाडाला बांधून, लांब काठी घेऊन मी डोहात उतरलो. कमरेएवढ्या पाण्यात पायाला दगड लागला. चाचपत पुढं गेलो. जुन्या बांधाची बुडालेली भिंत! हातभर रुंद, शेवाळलेली, मध्यावर डावीकडं वळलेली. हिरव्या पाण्यातून वरून काहीच दिसत नव्हतं. भिंतीच्या बाजूला मात्र अख्खी काठी बुडाली तरी तळ नाही.

मग दुसऱ्या दोराच्या टोकाला दगड भरलेला वाळका भोपळा बांधून खाली सोडला. दोर हातातून हिसकला गेला. थोड्या वेळानं भोपळ्याच्या फुटक्या खापा भिंतीपलीकडं, प्रवाहात पार पुढं पाण्यावर आल्या. पाण्यावर साधी सुरकुती नव्हती, आणि आत भिंतीतल्या भगदाडातून नदी ओढली जात होती.

मी खूश होऊन घरी आलो. कुणालाही बोललो नाही. सोमवारी पाचशे माणसांसमोर बोलायचं ठरवलं.

शुक्रवारी माणिकप्पा भेटला. माझ्याच हाताखाली शिकलेला, आता दोन लेकरांचा बाप.

“मास्तर, अंगारा घेतलाय. सोमवारी म्या एकला उतरणार. आईच्या डोळ्यांसाठी नवस हाय.”

“उतर की,” मी म्हणालो. त्याच्या आधी मीच उतरणार होतो ना!

शनिवारी दुपारी तो सराव करायला एकटाच गेला. रविवारी सकाळी भिंतीच्या पलीकडं, झुडपांत अडकलेला सापडला. कपाळावर अंगारा उरला नव्हता.

सगळं गाव काठावर जमलं. महाराज म्हणाले, “श्रद्धा कच्ची व्हती.”

“तुमची पक्की आहे ना? मग या माझ्यामागं.” मी भिंतीवरून चालत मध्यावर गेलो. लोक बघत राहिले. “महाराज, इथवर या. इथून डावीकडं वळू नका, सरळ चला. बहिणी तळहात धरतील!”

महाराज काठावरून हलले नाहीत. मी काठीनं भिंत ठोकून दाखवली, मग बाजूला काठी बुडवून खोली दाखवली. तिघं-चौघं माझ्यामागून भिंतीवर येऊन उभे राहिले. कुणाच्याही कपाळी अंगारा नव्हता. पोलीस पाटलानं महाराजांचा दंड धरून त्यांना चावडीकडं चालवलं. हरणाबाई माझ्याकडं बघत होती. मी जिंकलो होतो.

तेवढ्यात माणिकप्पाची आई गंगम्मा सुनेचा हात धरून चाचपडत पुढं आली. “मास्तर, भित्ताडाचं तुमाला कवा कळलं?”

“गुरुवारी.”

“शुक्करवारी माझं लेकरू तुमाला भेटलं व्हतं.”

एवढं बोलून ती माघारी वळली. हरणाबाईनं तोंड फिरवलं.

वाचकहो, पाणी संथ दिसलं म्हणून उतरू नका. आधी काठी घालून तळ बघा. कुणाचा अंगारा पाण्याला ओळखू येत नाही. आणि कुणाची लबाडी ध्यानात आली तर गर्दी जमायची वाट बघू नका. ज्या घटकेला कळेल, त्याच घटकेला समोर येईल त्या पहिल्या माणसाला सांगा.