अकरा वीसचं विमान

आमच्या रडारला अख्खं आकाश दिसत नाही, दिसायची गरजही नाही. शोधायचं काम दुसऱ्या रडारचं. आमचं एकच विमान धरतं आणि ते कुठे आहे हे क्षेपणास्त्राला सांगत राहतं. धरलं की कानात एकसुरी शिट्टी वाजते. ती चाळीस सेकंद तुटू द्यायची नाही, हे मी नऊ वर्षं शिकवतोय. सरावाला विमान कुठून आणणार? रोज अकरा वीसला डोक्यावरून प्रवासी विमान जातं, तेच धरायचं. लाँचर रिकामे आहेत, कुणाचं काय बिघडतं, असं मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो.

त्या सोमवारी सीमेवर काहीतरी बिनसलं आणि लाँचर भरले गेले. सराव थांबवा, असं मात्र कुणी म्हटलं नाही. सराव आणि खरा मारा यांच्यात एक चावी आहे. ती सरावावरून घसरली, तर पुढचं सगळं यंत्र आपणहून उरकतं. चावी ढिली झाल्याचं मी दोनदा लिहून दिलं होतं. उत्तरादाखल चिकटपट्टीचं रीळ आलं. बुधवारपर्यंत त्या पट्टीच्या भरवशावर सराव झाला आणि मी वेळेवर घरी जाऊन जेवलो.

गुरुवारी त्या विमानात माझी लेक होती. नोकरीवर रुजू व्हायला निघालेली.

साहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, "आजचा दिवस राहू द्या." कारणही सांगितलं.

ते हसले नाहीत, एवढे उपकार. "मास्तर, तपासणीवाले येऊन बसलेत. आणि नऊ वर्षं त्या विमानात काय दगड बसत होते?"

माझी कानशिलं तापली. राग त्यांच्यावर नव्हता, माझाच मला आला होता.

खुर्चीवर नवी ऑपरेटर होती, लेकीच्याच वयाची. "ऊठ," मी म्हणालो, "आज मी धरतो."

डाव्या अंगठ्याने चावी दाबून ठेवली आणि उजव्या हाताने ठिपका पकडला. शिट्टी सुरू झाली. अंतर एकतीस किलोमीटर, तीस, एकोणतीस. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसला नाही. चाळीस सेकंद झाले. इतकं घट्ट मी आयुष्यात कुठलं विमान धरलं नव्हतं. तपासणीवाल्यांनी 'उत्कृष्ट' असं लिहिलं.

दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, पोचले. वरून तुमची टेकडी दिसली. तुम्ही असाल म्हणून मी खिडकीतून हात केला. दिसले का मी?"

"दिसलीस," मी म्हणालो. "बराच वेळ दिसलीस."

शुक्रवारी अकरा वाजता ऑपरेटर पोरगी खुर्चीवर बसली. लाँचर भरलेलेच होते. तिने मागे वळून विचारलं, "सर, आज चावी कोण धरणार?"

"कशाला धरायची?" मी म्हणालो. "पट्टी लावलीय ना."